डोपामिन अडवले, तरी दारू सुटली नाही

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, आणि आता विद्यार्थ्यांच्या हातातल्या मोबाइलवरही, एक वाक्य वारंवार भेटते : डोपामिन हे मेंदूतले आनंदाचे रसायन आहे. दारू, तंबाखू, जुगार, मोबाइलवरचे खेळ, जे जे म्हणून सुटता सुटत नाही त्या सगळ्याच्या मुळाशी हेच एक रसायन आहे, असे त्यापुढे सांगितले जाते. वाक्य सोपे आहे, फळ्यावर लिहिण्याजोगे आहे आणि मुलांना ते लगेच पटते. त्याच्या सोपेपणाबद्दल माझी तक्रार नाही. हे वाक्य खरे धरून दारूच्या आहारी गेलेल्या माणसांवर औषधांच्या चाचण्या झाल्या, त्या चाचण्यांत ते टिकले नाही, आणि तरीही ते जसेच्या तसे वर्गावर्गातून फिरते आहे, ही माझी तक्रार आहे. त्या चाचण्यांची हकिगत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

तर्क असा होता. दारू प्यायल्याने मेंदूच्या एका विशिष्ट भागात डोपामिन वाढते. डोपामिन म्हणजे सुख. मग डोपामिनला वाटेत अडवले, तर दारू पिऊनही सुख मिळणार नाही. सुख मिळाले नाही की माणूस हळूहळू प्यायचे सोडून देईल. शिवाय यासाठी नवे औषध शोधण्याचीही गरज नव्हती. १९५२ साली क्लोरप्रोमझिन आणि १९५८ साली हॅलोपेरिडॉल ही औषधे स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारांसाठी पुढे आली होती. चेतापेशींच्या पृष्ठभागावर डोपामिन ज्या ग्राही रेणूंवर जाऊन बसते, त्या रेणूंची जागा ही औषधे अगोदरच अडवून ठेवतात. कुलपात भलतीच किल्ली अडकवून ठेवावी, म्हणजे खरी किल्ली आत जात नाही, तसे काहीसे. कुलूप ठाऊक, किल्ली ठाऊक, अडवणारी वस्तू बाजारात हजर. इतका नीटनेटका तर्क जीवशास्त्रात क्वचित हाती लागतो, आणि माझ्या अनुभवाने असे नीटनेटके तर्कच अधिक निरखून पाहावे लागतात.

या तर्काची सर्वांत स्वच्छ परीक्षा २००१ साली प्रसिद्ध झाली. वीसबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू नुकतीच थांबवलेल्या २८१ रुग्णांची चाचणी घेतली. औषध होते फ्लुपेंथिक्झॉल. ते डोपामिनच्या दोन्ही प्रमुख प्रकारच्या ग्राही रेणूंना अडवते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला दर दोन आठवड्यांनी १० मिलिग्रॅम औषधाचे, स्नायूत साचून हळूहळू रक्तात उतरणारे इंजेक्शन दिले. दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शन दिले. यालाच प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. उपचाराचा हा टप्पा सहा महिने चालला.

गोळीऐवजी इंजेक्शन निवडण्याला महत्त्व आहे. गोळ्यांची चाचणी फसली की औषधाच्या बाजूचे लोक म्हणतात, रुग्णाने गोळ्या घेतल्याच नसतील. दारूच्या रुग्णाबद्दल हे खरेही असते. इथे ती पळवाट नव्हती. औषध शरीरात गेले होते आणि दोन दोन आठवडे तिथे राहत होते.

निकाल लागला तो असा. प्लासिबो गटातले साठ-पासष्ट टक्के रुग्ण पुन्हा पिऊ लागले. दारूच्या बाबतीत हे प्रमाण दुर्दैवाने नेहमीचेच आहे. औषधाच्या गटात हेच प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. औषधाचा उपयोग झाला नाही एवढ्यावर हे थांबत नाही. औषध न मिळालेले रुग्ण औषध मिळालेल्यांपेक्षा बरे राहिले.

हा निकाल समजून घ्यायचा तर मूळ गृहीतकाच्या पायाशी जावे लागते. १९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि दांडी दाबली की त्या तारेतून विजेचा सौम्य झटका बसेल अशी सोय केली. तार ठरावीक जागी असली की उंदीर तासाला शेकडो वेळा दांडी दाबत राहत. मेंदूतले सुखाचे केंद्र सापडले, असे तेव्हापासून लिहिले जाऊ लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे हे आर्विद कार्लसन यांनी स्वीडनमध्ये दाखवायला अजून तीनेक वर्षे अवकाश होता. ओल्ड्स-मिल्नर यांच्या निरीक्षणाशी डोपामिनची सांगड नंतर घातली गेली.

ती घालण्यात रॉय वाइझ यांचा वाटा मोठा. १९७८ साली माँट्रियलमधल्याच काँकॉर्डिया विद्यापीठातून त्यांच्या गटाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भुकेल्या उंदरांना दांडी दाबली की खाऊ मिळे. काही उंदरांना डोपामिन अडवणारे पिमोझाइड दिले आणि खाऊ चालू ठेवला. काहींना औषध दिले नाही, पण खाऊ बंद केला. दोन्ही गटांचे दांडी दाबणे दिवसेंदिवस सारखेच कमी होत गेले. पहिल्या दिवशी औषध घेतलेले उंदीर जवळजवळ नेहमीसारखेच दांडी दाबत होते, म्हणजे हातपाय लुळे पडल्यामुळे हे झाले असे म्हणता येत नव्हते. वाइझ यांचा निष्कर्ष असा, की औषधामुळे खाऊ खाऊनही न खाल्ल्यासारखा झाला, त्यातले सुख गेले. १९८२ साली त्यांनी हे गृहीतक विस्ताराने मांडले. प्रयोगाची मांडणी सुंदर होती, हे आजही मान्य करावे लागते. दोन आलेख एकावर एक बसले होते. मात्र दोन आलेख एकसारखे उतरतात म्हणून ते उतरण्याचे कारणही एकच असते, असे नाही. दोन विद्यार्थ्यांचे गुण चाचणीगणिक सारखेच घसरत असतील, तर एकाला चष्म्याची गरज असू शकते आणि दुसऱ्याच्या घरी भांडणे चालू असू शकतात.

इथपर्यंत दारूचा संबंध आलेला नव्हता. तो १९८८ साली आला. इटलीतल्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे दी किआरा आणि इम्पेरातो यांनी जागेपणी हिंडणाऱ्या उंदरांच्या मेंदूत केसासारखी बारीक नळी बसवली, आणि तिच्यातून झिरपून येणाऱ्या द्रवातले डोपामिन मोजले. दारू, निकोटिन, कोकेन, अॅम्फेटामिन, अफूच्या जातीची औषधे, काहीही टोचले तरी न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्स नावाच्या छोट्या भागात डोपामिन वाढत होते. मोजमाप उत्तम होते, आणि पुढे इतरांनाही ते तसेच मिळाले. अडचण अर्थ लावण्यात आहे. शेपटीला विजेचा चटका दिला तरी उंदराच्या त्याच भागात डोपामिन वाढते, हे १९८९ साली दाखवले गेले. चटक्यात सुख आहे असे कोणी म्हणणार नाही.

गृहीतकाला तडा देणारे इतर पुरावेही त्याच सुमारास जमत होते. अमेरिकेत मिशिगन येथे केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांचे डोपामिनचे तंतू जवळजवळ पूर्णपणे नष्ट केले. हे उंदीर समोर अन्न असूनही खात नाहीत, भरवावे लागते. पण त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडले, तर ते धडधाकट उंदरांसारखेच जिभल्या चाटतात. तान्ह्या बाळाला मध चाटवल्यावर जो चेहरा होतो, त्याच जातीची ही हालचाल. म्हणजे आवडणे शाबूत होते. ती गोष्ट मिळवावी ही ओढ मात्र उरली नव्हती. आवडणे आणि ओढ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पिणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. आता मजा येत नाही, पण राहवत नाही, असे तो स्वतःच सांगतो.

जॉन सालामोन यांचा १९९१ सालचा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो, आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. उंदरापुढे दोन पर्याय ठेवले. दांडी पुन्हा पुन्हा दाबली तर आवडता खाऊ, नाहीतर शेजारीच पडलेले नेहमीचे साधे खाद्य. साधारणपणे उंदीर दांडीकडे जातो. हॅलोपेरिडॉल दिले की तो दांडी सोडतो आणि साधे खाद्य अधिक खातो. भूक आहे, खाणे आहे, कष्टाची तयारी तेवढी गेली. आता हा निष्कर्ष माणसावर लावून पाहा. प्रयोगशाळेत उंदराला दारूसाठी दांडी दाबावी लागते, म्हणून डोपामिन अडवले की त्याचे पिणे कमी दिसते. माणसाला दारूसाठी किती कष्ट पडतात? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जावे लागते, तेवढेच. न पिता संध्याकाळ काढणे, घरच्यांशी पुन्हा नाते जोडणे, कामावर वेळेवर पोचणे, कष्टाचे पर्याय हे आहेत. कष्टाची तयारी घटवणाऱ्या औषधाने यांतले काय आधी सुटेल? फ्लुपेंथिक्झॉलच्या निकालाचे हेच कारण, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. माझा अंदाज मात्र तिकडे झुकतो.

आणि खुद्द दारूबद्दलचा पुरावा? १९९३ साली रॅसनिक, स्टिनस आणि कूब यांनी उंदरांच्या न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्समधले डोपामिनचे तंतू रसायन सोडून नष्ट केले. त्यानंतरही दारू मिळवून पिण्याचे उंदरांचे प्रमाण बदलले नाही. फ्लुपेंथिक्झॉलच्या चाचणीचा निकाल यायच्या आधी आठ वर्षे हा निबंध छापून झाला होता. औषधाने डोपामिन अडवल्यावर उंदीर कमी पितात असे दाखवणारे निबंध पुष्कळ होते, हे खरे. पण त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत मात्रा वाढवली की उंदराचे पाणी पिणेही कमी होत असे. दारू कमी झाली एवढेच पाहायचे आणि शेजारच्या भांड्यातले पाणीही शिल्लक राहिले याकडे लक्ष द्यायचे नाही, हे नियंत्रित प्रयोगाच्या पहिल्या धड्यालाच सोडून झाले. आपण आठवीच्या मुलाला अंकुरणाऱ्या वाटाण्यांचा प्रयोग करायला लावतो तेव्हा यापेक्षा कडक नियम लावतो.

त्याच काळात जनुकाचेही एक प्रकरण गाजले. १९९० साली ब्लम, नोबल आणि सहकाऱ्यांनी ३५ मद्यासक्त आणि ३५ इतर अशा ७० मृत व्यक्तींच्या मेंदूंतला डीएनए तपासला. डोपामिनच्या डी-२ ग्राही रेणूच्या जनुकाची एक खूण मद्यासक्तांपैकी ६९ टक्के जणांत सापडली. दारूचे जनुक सापडले, असे मथळे झळकले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला हा संबंध आढळला नाही, आणि ती खूण मुळात शेजारच्या वेगळ्याच जनुकात आहे हे २००४ साली कळले. या दुरुस्त्यांचे मथळे झाले नाहीत.

अशा वातावरणात औषधांच्या चाचण्या होत होत्या. त्यांच्याकडे वर्षांच्या क्रमाने पाहिले की एक नमुना दिसतो. टियाप्राइड हे डी-२ अडवणारे औषध घ्या. १९८७ आणि १९९४ साली इंग्लंडमधल्या छोट्या चाचण्यांत ते गुणकारी वाटले. १९९४ च्या चाचणीत सुमारे शंभर रुग्ण होते. पुढे २००७ साली सुमारे तीनशे रुग्णांवर बेंडर आणि सहकाऱ्यांनी तीच परीक्षा घेतली, तेव्हा टियाप्राइडच्या गटातलेच अधिक लोक पुन्हा पिऊ लागले. क्वेटियापिन हे नव्या पिढीतले औषध. २००७ सालच्या छोट्या चाचणीत आशा वाटली, आणि २०१२ साली फार पिणाऱ्या २२४ रुग्णांवर बारा आठवडे वापरल्यावर प्लासिबोपेक्षा काहीच फरक पडला नाही. छोट्या चाचणीत दहा-पंधरा माणसे इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. शिवाय ज्या छोट्या चाचण्यांत काही मिळत नाही त्या बहुधा छापल्याच जात नाहीत, त्यामुळे छापील पानांवर यश दाट दिसते.

अॅरिपिप्राझोलच्या चाचणीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. हे औषध डोपामिनला पूर्ण अडवत नाही. जास्त असेल तिथे दाबते, कमी असेल तिथे थोडा टेकू देते. म्हणून त्याच्याकडून अपेक्षा अधिक होती. २००८ साली रेमंड अँटन आणि सहकाऱ्यांनी २९५ रुग्णांवरची बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. कोणता मुख्य निकष पाहायचा हे आधी ठरलेले होते : एकूण दिवसांपैकी न पितलेल्या दिवसांचे प्रमाण. त्यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. औषधाच्या गटातले रुग्ण अधिक संख्येने मध्येच सोडून गेले आणि त्यांना दुष्परिणामही अधिक झाले. मात्र प्यायल्या दिवशी किती प्याले, या दुय्यम निकषावर औषधगट थोडा सरस होता. अँटन यांनी दोन्ही गोष्टी मोकळेपणाने लिहिल्या, त्यांना दोष देता येत नाही. नंतरच्या कित्येक आढावा-लेखांत मात्र दुय्यम निकष पहिल्या ओळीत आला आणि मुख्य निकष मागे पडला. गणितात नापास झालेल्या मुलाचे अक्षर चांगले आहे असे प्रगतिपुस्तकात लिहायला हरकत नाही, पण ते गणिताच्या रकान्यात लिहू नये.

२०१३ साली किशी आणि सहकाऱ्यांनी अशा १३ प्लासिबो-नियंत्रित चाचण्या, एकूण १,५९३ रुग्ण, एकत्र करून हिशेब मांडला. पुन्हा पिणे रोखण्यात ही औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाहीत.

मग डोपामिन वाढवून पाहावे का? तेही झाले. ब्रोमोक्रिप्टिन हे डोपामिनसारखे काम करणारे औषध साडेतीनशेहून अधिक रुग्णांना लांब टिकणाऱ्या इंजेक्शनातून दिले, १९९७ साली निकाल आला, उपयोग नाही. अडवूनही नाही आणि वाढवूनही नाही, म्हणजे डोपामिनचा दारूशी संबंधच नाही असा अर्थ कोणी काढेल, तर तीही घाईच होईल. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळे चित्र पुढे आले. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. रसाआधी नेहमी दिवा लागतो हे त्याला कळले, की पेशी दिव्याला उसळतात, रसाला नाही. दिवा लागून रस आला नाही, तर त्या नेमक्या रसाच्या वेळी गप्प होतात. १९९७ साली शुल्त्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ असा लावला, की हा संदेश सुखाचा नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा आहे, आणि मेंदू त्यावरून शिकतो. शिकणे वर्षानुवर्षे आधीच होऊन गेलेले असेल, तर आज संदेश अडवून जुना धडा पुसला जाईल असे मानायला आधार राहत नाही. वाइझ यांनीही पुढे सुखाच्या गृहीतकाचा आग्रह सोडला.

२००१ सालीच आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत थानोस, व्होल्कॉव्ह आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या मदतीने उंदरांच्या मेंदूत डी-२ ग्राही रेणूंची संख्या वाढवली. उंदरांचे दारू पिणे कमी झाले. मद्यासक्त माणसांत हे ग्राही रेणू आधीच कमी उपलब्ध असतात हे व्होल्कॉव्ह यांनी १९९६ साली मेंदूच्या चित्रणातून दाखवले होते. ज्याच्याकडे ग्राही रेणू मुळातच कमी, त्याचे उरलेलेही औषधाने अडवायचे, हे त्या पुराव्याच्या नेमके उलट टोक झाले.

डोपामिनवाद्यांच्या बाजूने एक मुद्दा सांगितला पाहिजे. नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूच्या उपचारात खरोखर उपयोगी पडते, प्रभाव मध्यम असला तरी. १९९२ साली त्याच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि १९९४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते अफूच्या जातीच्या ग्राही रेणूंना अडवते, डोपामिनच्या नाही. पण १९९८ साली असे दिसले, की नाल्ट्रेक्सोन दिलेल्या उंदरात दारूने वाढणारे डोपामिनही रोखले जाते. म्हणून काही जण म्हणतात, पाहा, शेवटी डोपामिनच. मला फरक महत्त्वाचा वाटतो. इथे दारूने होणारी वाढ तेवढी थोपवली जाते. दिवसभराच्या साध्या कामाधामासाठी लागणाऱ्या डोपामिनची वाट बंद होत नाही.

वर्गात हा विषय निघाला तर पार्किन्सन आजाराचे उदाहरण हाताशी ठेवावे. या रुग्णांना डोपामिनसारखी औषधे देतात. त्याने ते आनंदात न्हाऊन निघत नाहीत. त्यांतल्या काहींना मात्र उतारवयात जुगाराचा नाद लागतो, आणि औषध कमी केले की तो बहुधा सुटतो. आणखी एक सावधगिरी शिक्षकांनी घ्यावी, कारण मुलांच्या घरात असे रुग्ण असू शकतात. स्किझोफ्रेनियासाठी जे लोक ही औषधे घेतात, त्यांनी वरच्या चाचण्या वाचून ती थांबवायची नाहीत. चाचण्या होत्या त्या फक्त दारूचा आजार असलेल्या माणसांच्या.

शोध अजून चालू आहे. कार्लसन यांच्याच प्रयोगशाळेतून आलेले ओएसयू-६१६२ हे औषध डोपामिनचे चढउतार सौम्य करते असे सांगतात. २०१५ साली स्वीडनमध्ये ५६ रुग्णांवर ते दोन आठवडे वापरून पाहिले. प्रयोगशाळेत दारूचा एक पेला दिल्यानंतर उफाळणारी तल्लफ त्याने कमी झाली. बातमी आशेची आहे. पण एक पेला दिल्यानंतरची तल्लफ कमी होते, हे १९९३ साली हॅलोपेरिडॉलबद्दलही प्रयोगशाळेत दिसले होते.